निदान म्हणजे दोषारोप नव्हे

आपल्या मराठी भाषेत ‘पोट’ या शब्दाला आहारापलीकडचे अर्थ आहेत. गुपित राखायचे तर आपण ते पोटात ठेवतो आणि कुणाचा अपराध क्षमा करायचा तर तो पोटात घालतो. मला पुष्कळदा वाटते की, पोटाच्या विकारांविषयीची आपली वृत्तीही या भाषेनेच घडविली असावी. डोके दुखले तर आपण चारचौघांत सांगतो, गुडघा धरला तर त्याची कहाणी तासभर चालते. परंतु शौचाची तक्रार, आव पडणे, रक्त जाणे, दिवसेंदिवस भूक न लागणे या गोष्टी आपण डॉक्टरांपुढेही अर्ध्याच उच्चारतो. या संकोचाची किंमत काय पडते, याचा आपल्या वाचकांनी विचार करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. मी वैद्य नव्हे. अध्यापन हा माझा व्यवसाय. औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे पाहिले आणि नंतर जिज्ञासेने वाचून समजून घेतले, ते क्रमाने मांडणे एवढे तरी शिक्षिकेला जमावे.

ज्या क्रॉयडनमध्ये आपली काही कुटुंबे राहतात, त्या गावाने पोटाच्या एका रोगाचा फार कठोर धडा १९३७ साली घेतला. ट्रॅमने न्यू अ‍ॅडिंग्टनकडे जाताना अ‍ॅडिंग्टन व्हिलेजचा थांबा लागतो. त्या परिसरातील एका खोल विहिरीचे पाणी तेव्हा क्रॉयडनच्या एका भागाला पुरविले जात असे. इकडची जमीन खडूच्या खडकाची. त्या खडकातून झिरपून आलेले पाणी आपोआप गाळले जाते आणि म्हणून ते निर्मळच असते, असा लोकांचा विश्वास होता. त्या वर्षीच्या शरद ऋतूत विहिरीच्या दुरुस्तीचे काम निघाले. कामगार आत उतरून काम करीत होते. त्यांपैकी एकाच्या शरीरात टायफॉईडचे जंतू होते. तो आजारी नव्हता. आपण रोग वाहत आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. त्याच काळात पाण्यात क्लोरीन घालण्याचे काम बंद ठेवले गेले होते आणि विहिरीचे पाणी मात्र नळांतून घरोघर जात राहिले. महापालिकेच्या एका खात्याला जे ठाऊक होते ते दुसऱ्या खात्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाही, हेही पुढे चौकशीत दिसून आले. परिणामी ३४१ जणांना टायफॉईड झाला आणि ४३ जण दगावले.

रोगाचे मूळ प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. रुग्णांची घरे नकाशावर मांडून पाहिली, कोणत्या घराला कोणत्या विहिरीचे पाणी जाते हे ताडून पाहिले, तेव्हा सारी बोटे अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीकडे वळली. कायदेपंडित एच. एल. मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली, १९३८ च्या आरंभी अहवाल आला आणि त्याच वर्षी न्यायालयाने महापालिकेस निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. या प्रकरणातील एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. येथे दोष त्या कामगाराचा नव्हता. त्याची आधी तपासणी झाली असती, क्लोरीन चालू राहिले असते, अथवा एका खात्याने दुसऱ्याला एक चिठ्ठी पाठविली असती, तर त्याच्या शरीरातील जंतू कुणालाही बाधले नसते.

टायफॉईड हा ताप म्हणून ओळखला जातो, म्हणून पुष्कळांना तो पोटाचा रोग आहे हेच ठाऊक नसते. आपल्या आजीच्या पिढीने त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हटले, कारण तो आठवडे मोजून उतरत असे. ग्रंथांतून ‘विषमज्वर’ हे नाव आढळते. दूषित अन्नपाण्यावाटे जंतू पोटात जातात, लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि बहुधा एक ते तीन आठवड्यांनी ताप चढू लागतो. आतड्याच्या शेवटच्या भागात ज्या लसिका ग्रंथी असतात त्या सुजतात. उपचाराविना दोन-तीन आठवडे गेले तर तेथे व्रण पडून रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला छिद्रही पडते. पूर्वीची माणसे मरत ती बहुतांशी अशाने. १९४८ पर्यंत या रोगावर खरे औषध नव्हते. त्या वर्षी क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आले आणि तोवर शुश्रूषा आणि पेज यांवर सोपविलेला रुग्ण औषधाने बरा होऊ लागला.

काही वर्षांपूर्वी हा रोग आमच्याच घरी आला. माझ्या नणंदेचा मुलगा, वय एकोणीस, कॉलेजात शिकणारा. त्याला ताप भरला. डॉक्टरांनी विचारले, ‘अलीकडे भारतात जाऊन आलात का?’ चार वर्षांत तो गेला नव्हता. ‘पोट कसे आहे?’ असे विचारताच त्याने ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले. ऋतू सर्दीचा होता. घरी आराम करावा असे ठरले. नणंदेने ओव्याचे पाणी दिले, साबुदाण्याची पेज केली, कपाळावर घड्या ठेवल्या. ताप मात्र रोज संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांसारखा वरवर चढत गेला. दहाव्या दिवशी मुलगा आईपाशी कळवळून म्हणाला की, आठ दिवस शौचास झालेले नाही आणि उजव्या बाजूला खाली दुखते. आधी का सांगितले नाहीस, असे विचारता तो म्हणाला, ‘हे काय सांगायचे?’

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. आतड्याचा रोग म्हणजे जुलाबच, अशी आपली समजूत असते. टायफॉईडमध्ये, विशेषतः मोठ्या माणसांत, बद्धकोष्ठही पुष्कळदा असते. मुलाने पहिल्याच दिवशी ते सांगितले असते तरी डॉक्टरांना लगेच उमगले असते असे मी म्हणणार नाही. परंतु निदानाच्या वाटेवरील एक खूण आम्ही आपल्या हाताने पुसून टाकली होती, हे खरे.

रुग्णालयात त्याचे रक्त कल्चरसाठी घेतले. म्हणजे रक्त पोषक द्रवात ठेवून त्यात जंतू वाढतात का हे पाहतात. दुसऱ्या दिवसाअखेर टायफॉईडचा जंतू सापडला. मग शिरेतून औषध सुरू झाले. औषध सुरू झाल्यावरही ताप उतरण्यास पाच दिवस लागले. हा विलंब या रोगाचा स्वभाव आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळे आम्ही धीर धरू शकलो.

आपल्यापैकी ज्यांचे नातलग मुंबई-ठाण्यास आहेत, त्यांना ‘विडाल’ हे नाव परिचित असेल. फर्नां विडाल या फ्रेंच ज्यू डॉक्टरांनी १८९६ साली ही परीक्षा सुचविली. रुग्णाच्या रक्तद्रवात टायफॉईडच्या जंतूंचे पुंजके होतात की काय, हे त्यात पाहतात. त्या काळी ती मोठीच प्रगती होती. परंतु रक्तातील ही शक्ती पहिल्या आठवड्यात बहुधा दिसत नाही. शिवाय पूर्वी होऊन गेलेला आजार, घेतलेली लस, कधी दुसराच एखादा जंतू, यांमुळेही परीक्षा ‘पॉझिटिव्ह’ येते. म्हणून आज केवळ एका विडालच्या कागदावर भिस्त ठेवणे सुज्ञपणाचे नाही. कल्चर हाच भरवशाचा पुरावा, कारण त्यातून जंतू कोणता हे कळते आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हेही कळते. ही दुसरी बाब फार महत्त्वाची झाली आहे. सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉईड पसरला आहे की, ज्यावर नेहमीची बहुतेक औषधे चालत नाहीत. भारतात गेल्यावर ताप येताच दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेण्याची आपल्याला सवय आहे. त्या चार गोळ्यांनी रोग मरत नाही, कल्चर मात्र निष्फळ होते.

मुलगा बरा होऊ लागला. आमची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. टायफॉईड हा या देशात आरोग्य खात्यास कळवावा लागणारा रोग आहे. येथे आढळणारे बहुतेक रुग्ण भारत, पाकिस्तान किंवा बांगलादेशातून परतलेले असतात. हा मुलगा कोठेच गेला नव्हता. मग जंतू आला कोठून? आरोग्य खात्याची एक परिचारिका घरी आली. मागील तीन आठवड्यांत तो कोठे जेवला, काय खाल्ले, ते कुणी केले, असे ती एकेक विचारीत गेली. नव्या घराच्या निमित्ताने झालेल्या मलिद्याचा उल्लेख निघाला. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे, वेलदोडा. शिजविणे नाही, सारे हाताने कालविलेले. कुणी कालविले? आत्यांनी.

आत्या म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर. बालपण पेण तालुक्यातील एका खेड्यात गेले. आमच्या गोतावळ्यात गेली तीस वर्षे मलिदा त्यांनीच करावा असा प्रघात पडला होता. परिचारिकेने सर्वांच्याच शौचाचे नमुने मागितले. घरात संताप उसळला. ‘आम्ही काय घाणेरडी माणसे आहोत?’ असे एक जाऊबाई म्हणाल्या. ‘बाहेर कळले तर मुलीचे लग्न जमायचे नाही’, अशी दुसऱ्या घरची चिंता. पण आत्यांनी वाद घातला नाही. त्यांनीच प्रथम डबी भरून दिली. त्यांच्या नमुन्यात जंतू सापडले, पुन्हा तपासले तेव्हाही सापडले, आणि ते मुलाच्या जंतूंशी जनुकीय तपासणीत जुळले.

आत्यांना लहानपणी मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस अंथरुण, केवळ पेज, आणि मागाहून केस इतके गळाले की डोके भादरावे लागले. ही गोष्ट त्या आम्हांला हसत सांगत असत. टायफॉईड होऊन गेलेल्या शंभरांपैकी एक ते पाच जणांच्या शरीरात जंतू वर्षानुवर्षे राहतात. त्यांचा मुक्काम बहुधा पित्ताशयात असतो. तेथे खडे असतील तर त्यांच्या आश्रयाने ते अधिकच टिकून राहतात. पित्ताबरोबर ते अधूनमधून आतड्यात उतरतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. अशा माणसाला ताप नसतो, दुखणे नसते, काहीच नसते.

मी त्यांना भेटावयास गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात न बसता बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

‘सूनबाई, खरे सांग,’ त्या म्हणाल्या, ‘त्या लेकराला मी विष घातले ना?’

‘नाही आत्या. विष घालणाऱ्याला ठाऊक असते. तुम्हांला ठाऊक नव्हते.’

‘आता मला कुठे नेऊन ठेवणार का गं?’

हा प्रश्न ऐकून मला हसू आले नाही, कारण तसे घडलेले आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. तिच्या हातून घरोघर टायफॉईड पसरतो असे आढळल्यावर १९०७ साली तिला एका बेटावर एकटे ठेवण्यात आले. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले; पुन्हा स्वयंपाक करताना सापडली म्हणून १९१५ मध्ये परत नेले, आणि १९३८ साली ती तेथेच वारली. आणि ही केवळ अमेरिकेची गोष्ट नव्हे. क्रॉयडनपासून फार दूर नसलेल्या एप्समला लाँग ग्रोव्ह नावाचे मनोरुग्णालय होते. लंडन भागातील टायफॉईडवाहक स्त्रियांना १९०७ पासून तेथे ठेवीत असत. अशा किमान ४३ स्त्रिया तेथे होत्या, हे बीबीसीने २००८ मध्ये उजेडात आणले. औषधे निघाल्यावरही कित्येकी तेथेच राहिल्या. रुग्णालय १९९२ मध्ये बंद झाले. त्या आजारी नव्हत्या, अपराधीही नव्हत्या. परंतु रोगाचे निदान आणि माणसाला दोष देणे यांतील सीमारेषा समाजाने पुसून टाकली होती.

आत्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. परिचारिकेने त्यांचे नाव कुणाला सांगितले नाही. काही काळ त्यांनी इतरांसाठी स्वयंपाक करू नये, शौचानंतर साबणाने हात नीट धुवावेत, एवढीच बंधने होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्यांच्या शरीरातील जंतू साठ वर्षांपूर्वीचे. म्हणून की काय, ते साध्या औषधांनाही दाद देणारे निघाले. चार आठवडे औषध झाले, पित्ताशय काढले, आणि पुढे कित्येक महिने नमुने तपासून ते निर्जंतुक ठरले. शास्त्राने आपले काम चोख केले.

कठीण गेले ते आमच्याकडून. परिचारिकेने जे लपविले ते नातलगांच्या टेलिफोनने आठवड्याभरात सर्वतोमुखी केले. दोन घरी आत्यांकडचा चहा नाकारण्यात आला. चहा उकळलेला असतो, त्यातून हा रोग येत नाही; पण त्या वेळी कारण ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते. आत्यांनी समारंभांना येणे सोडले. मग एके दिवशी, शेवटचा निर्जंतुक अहवाल आल्यावर, त्यांनी स्वतःच सर्वांना बोलावले आणि कागद हातात धरून सारी हकीकत सांगितली. त्यांचे अखेरचे शब्द असे होते: ‘मी तपासून घेतले म्हणून तुम्हांला कळले. ज्यांनी तपासून घेतले नाही त्यांचे काय, ते कुणाला ठाऊक?’ खोलीत कुणी बोलले नाही. जाऊबाई उठल्या आणि त्यांनी आत्यांच्या हातचे पाणी मागून घेतले. हा मजकूर आत्यांना वाचून दाखविला असून त्यांच्या संमतीनेच येथे देत आहे.

त्यांच्यासारख्या वाहकांचा माग घेण्याचे कामही एका ज्यू शास्त्रज्ञाच्या शोधाने सुकर झाले. आर्थर फेलिक्स हे जेरुसलेमला काही वर्षे काम करून पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आले. त्यांनी आणि मार्गारेट पिट यांनी १९३४ साली टायफॉईडच्या जंतूभोवतीचे एक आवरणद्रव्य दाखवून दिले. त्यास ‘व्ही-आय’ म्हणतात. वाहकांच्या रक्तात या द्रव्याविरुद्धची प्रतिद्रव्ये बहुधा आढळतात. आजच्या टायफॉईडच्या टोचून घ्यावयाच्या लसीही याच द्रव्यापासून बनतात. हैदराबादेत तयार झालेली त्याच जातीची नवी लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना देण्यास आरंभ केला. पहिल्याच टप्प्यात एक लाख तेरा हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत ही लस देणारे ते जगातील पहिले शहर. आपल्या मायभूमीची ही बातमी आपल्या घरांतून किती जणांच्या कानी आली असेल?

आता काही व्यवहाराच्या सूचना. सुट्टीत मुंबईस अथवा कोकणात जाणार असाल तर निघण्यापूर्वी काही आठवडे डॉक्टरांकडे जाऊन टायफॉईडच्या लसीची चौकशी करावी. येथे ती बहुधा विनामूल्य मिळते. ‘आम्ही तिकडचेच, आम्हांला काय होणार?’ हा विचार सोडावा. तिकडून आलेल्यांनाच तो अधिक होतो, कारण आपण हॉटेलात नव्हे, नातलगांकडे राहतो आणि सर्व काही खातो. लस पूर्ण संरक्षण देत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, म्हणून पाणी उकळूनच प्यावे. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर प्रवासाची गोष्ट न विचारताच सांगावी. पोट साफ होते की नाही, दुखते का, शौचाचा रंग कसा, हे सांगताना भाषा अडत असेल तर कागदावर लिहून न्यावे. आणि घरात कुणाला कधीकाळी मुदतीचा ताप येऊन गेला असेल व तपासणीची वेळ आलीच, तर ती आनंदाने करावी.

हीच गोष्ट दुसऱ्या एका लिफाफ्याची. इंग्लंडमध्ये पन्नास ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी एक छोटी नळी टपालाने येते. तीत शौचाचा किंचित अंश घेऊन परत पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यातून कळते. त्रास होण्यापूर्वी सापडलेला हा रोग बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. तरीही दक्षिण आशियाई घरांतून हे लिफाफे परत जाण्याचे प्रमाण इतरांहून कमी आहे. माझा लिफाफा आला तेव्हा मी तो त्याच दिवशी पाठविला. पाच मिनिटांचे काम आहे.

वाचकहो, निदान हा माणसावरील ठपका नसून त्याच्या शरीराविषयीची बातमी असते. बातमी लवकर मिळावी म्हणून रुग्णाने संकोच सोडावा आणि मिळालेल्या बातमीची शिक्षा माणसाला होऊ नये म्हणून समाजाने जीभ आवरावी. एकाची निंदा झालेली पाहून दहा जण आपले दुखणे लपवितात, आणि लपविलेले दुखणे हे क्रॉयडनच्या त्या विहिरीसारखे असते. वरून पाणी निर्मळच दिसते. तेव्हा पोटाच्या तक्रारी ओठावर आणाव्यात, आणि पोटात घालायचेच असेल तर दुसऱ्याचे नकळत झालेले चुकणे पोटात घालावे.

— एक शिक्षिका, क्रॉयडन